बहात्तर बरोबरच्या खुणा

"खर्रर्र!"

कुरकुऱ्याच्या धनुष्यातून बाण सुटला तो असा आवाज करत, आणि रेषेवर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या माना गर्रकन वळल्या. बाण सुटताना 'सुंऽऽ' करतो आणि लक्ष्यात घुसताना 'ठप्प' करतो, हे एव्हाना शिबिरातल्या लहानात लहान पोरालाही ठाऊक झालं होतं. पण 'खर्रर्र'? आणि बाण गेला कुठे, तर लक्ष्याला लांबूनच वळसा घालून डावीकडच्या गवतात!

"मी काही केलं नाही हं!" कुरकुऱ्या लगेच ओरडला. "माझ्याच वाट्याला असले बाण येतात! काल धनुष्य जड, परवा टोपी घट्ट..."

"गप रे!" म्हणत भिंगरीने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली. फुर्र! फुर्र! फुर्र!

तीन शिट्ट्या म्हणजे जो जिथे असेल तिथे थांबणार. धनुष्य खाली, बाण भात्यात. या मैदानाचा हा पहिला नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

भिंगरी तेरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून हे नाव पडलं. खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. सुट्टीतल्या या धनुर्विद्या शिबिरात तिचा नेम सगळ्यांत पक्का. मंगळवारी शिकवणाऱ्या बाई परगावच्या स्पर्धेला पंच म्हणून निघाल्या, तेव्हा ही शिट्टी त्यांनी भिंगरीच्याच गळ्यात घातली होती. शिट्टीच्या जोडीला एक वहीही दिली.

"मी शुक्रवारी सकाळी नऊच्या बसने परत येईन," बाई म्हणाल्या होत्या. "तोवर बाणांची तपासनीस तू. रोज संध्याकाळी एकेक बाण हातात घ्यायचा. डोळा, कान, कापूस! मगच वहीत खूण."

डोळा, कान, कापूस हा बाईंचा मंत्र होता. लाकूड मोडलं की दिसतं, पण कार्बनचा बाण मोठा लबाड! आतून फुटतो आणि वरून साळसूद दिसतो. म्हणून आधी डोळ्यांनी चीर शोधायची. मग दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून लांब, बाण फिरवत फिरवत हलकेच वाकवायचा आणि कान द्यायचा, कुठे करकरतो का. शेवटी दांडीवरून कापसाचा बोळा फिरवायचा. एखादा तंतू सुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. एकदा जरी नापास झाला तरी बाण लाल पिंपात. कारण फुटका बाण दोरीवर चढवून सोडला, तर तो हातातच फाटू शकतो, आणि त्याची काळी कुसळं सोडणाऱ्याच्या पंजात घुसतात.

मोजपट्टीने गवतातून बाण उचलून आणला. ही भिंगरीची मैत्रीण, उंचच उंच. दिसेल ते मोजायचं आणि खिशातल्या डायरीत टिपायचं ही तिची खोड.

"तेवीस नंबर!" ती जवळजवळ किंचाळली. "अगं, तेवीस माझा हजेरीचा नंबर, म्हणून माझ्या पक्कं लक्षात आहे! मंगळवारी तू हा नापास केलास. माझ्या डोळ्यांदेखत लाल पिंपात टाकलास!"

"म्हणजे मेलेला बाण परत आला?" शेपटाचे डोळे बटाट्याएवढे झाले. शेपूट हा भिंगरीचा धाकटा भाऊ, वय वर्षं दहा. ताई जिथे जाईल तिथे हा मागोमाग. "ताई, भूत!"

"आणि भुताने चिकटपट्टी कुठून आणली रे?" मोजपट्टीने बाणाच्या पुढच्या टोकाजवळ बोट दाखवलं. तिथे चांगली वीतभर पिवळी पट्टी गुंडाळलेली होती. मंगळवारी ती नव्हती.

भिंगरीने बाण हलकेच वाकवला. करकर! पट्टीखालून आवाज आला. क्षणभर तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण तिकडे लक्ष द्यायला तिला सवड नव्हती. चोर पकडायची संधी रोज रोज येते थोडीच!

"कुणीतरी पिंपातून बाण पळवतंय," ती म्हणाली. "आणि तो कोण हे आपण आज शोधणार!"

"भांडारमामाच!" कुरकुऱ्याने निकाल लावून टाकला. "सामानाची खोली त्यांच्याच ताब्यात. आणि डावा हात बघितलाय का कधी? कायम खिशात! काहीतरी लपवतात!"

"अगदी! मलाही ते पहिल्यापासून तसेच वाटतात," भिंगरी म्हणाली. खरं तर मामा तिला पहिल्यापासून आवडायचे.

जेवणाच्या सुट्टीत चौघं सामानाच्या खोलीत घुसली. एका भिंतीला टेकून बाणांची लाकडी मांडणी, दाराची आणि बहात्तर खाचांची. दुसरीकडे टेबल, त्यावर वही, आणि कोपऱ्यात लाल पिंप. नापास झालेले बाण बाई त्याच संध्याकाळी पकडीत धरून करवतीने दोन तुकडे करत. पण बाई गावाला गेल्या, तेव्हापासून पिंपातले बाण अख्खेच होते.

"मंगळवारी अकरा होते," मोजपट्टीने डायरी बघितली आणि पिंपात डोकावली. "आता तीन! आठ गायब!"

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. "लपा!" भिंगरी कुजबुजली. बरोबर आणलेला तेवीस नंबर टेबलावर तसाच राहिला आणि चौघं एका दमात गवती लक्ष्यांच्या थप्पीमागे!

आत आले सेक्रेटरीकाका. सगळ्याला 'चालेल, चालेल' म्हणायची सवय, म्हणून पोरांमध्ये त्यांचं नाव होतं चालेलकाका. मागोमाग भांडारमामा.

"साहेब, पिंपातले बाण आहेत ते," मामा म्हणत होते. "बाई येऊ देत. त्यांना विचारू."

"चालेल हो मामा!" चालेलकाकांनी पिंपातले उरलेले तीनही उचलले आणि त्यांना पिवळी पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. "नव्या बाणांचं पार्सल अजून वाटेतच लोळतंय. उद्या प्रात्यक्षिकं बघायला अग्निशमन दलाचे प्रमुख येणार, पोरांचे आईबाप येणार. मांडणीत खिंडारं दिसली तर काय शोभा राहील? बहात्तर खाचा, बहात्तर बाण! अरेच्चा, हा तेवीस इथे कसा पडला? ठेवा मांडणीत."

"अहो, पण मुलीने नापास केलेत ते."

"मंगळवारी केले!" काकांनी वही उघडून मामांपुढे धरली. "आणि हा बुधवार बघा. एक ते बहात्तर, सगळ्यांपुढे बरोबरची खूण! तेवीस? बरोबर. एकतीस? बरोबर. खाली सही. बाईंनीच नेमलेली तपासनीस आहे ना ती? तिने पुन्हा तपासून पास केले, म्हणून मी परत लावले. मी काय मनाचं करतोय?"

थप्पीमागे भिंगरीचे कान तापून लाल झाले.

बुधवारी संध्याकाळी काय झालं होतं, ते तिला लख्ख आठवलं. मोठी मुलं पन्नास मीटरच्या रेषेवरून हाका मारत होती. "येतेस का? शेवटचे सहा बाण!" पन्नास मीटर! तिने वही उघडली, पेन्सिल घेतली आणि वरपासून खालपर्यंत, शिवणाचे टाके घालावेत तशा भराभर खुणा करत गेली. एक, दोन, तीन... बहात्तर. खाली सही. एकही बाण तिने हातात घेतला नव्हता. एवढंच काय, त्यातले अकरा बाण मांडणीत नाहीतच, लाल पिंपात आहेत, हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नव्हतं! आणि वर ती चोर शोधायला निघाली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

"भिंगरी," मोजपट्टी अगदी हळू आवाजात म्हणाली, "बुधवारी तू ते अकरा पुन्हा पास केलेस?"

तीन चेहरे तिच्याकडे बघत होते. आत्ता सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

"हो, म्हणजे..." भिंगरीने गवताची काडी मोडली. "पुन्हा बघितले मी. तेव्हा बरे वाटले."

"मग!" शेपूट ऐटीत कुजबुजला. "माझी ताई काय खोट्या खुणा करेल?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भिंगरीला झालं. पण धरणीला अशी कामं सांगून ती ऐकत नाही. काकांनी मांडणीचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि बाहेर पडता पडता म्हणाले, "आता उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

ते गेले मात्र, "आऽऽक् छी!" गवताने कुरकुऱ्याचा घात केला.

"या बाहेर," भांडारमामा थप्पीकडे न बघताच म्हणाले. "चौघंही या."

चौघं अंगावरचं गवत झटकत पुढे आली. कुरकुऱ्याने नाक पुसता पुसता विचारलंच, "मामा, तुम्ही खिशात काय लपवता?"

मामा हसले. मग त्यांनी डावा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठा काठीसारखा ताठ होता. तो आणि तर्जनी यांच्या बेचक्यात कातडीखाली निळे-काळे ठिपके दिसत होते.

"कुसळं आहेत," मामा म्हणाले. "डॉक्टरांनी निघाली तेवढी काढली. चोवीस वर्षांचा होतो मी, या मैदानावरचा सगळ्यांत चांगला नेमबाज. बाण सोडला आणि तो इथेच, हातावर फाटला. आता पकड आवळून करवत चालवणंसुद्धा जमत नाही, नाहीतर मंगळवारीच त्या अकरांचे तुकडे केले असते."

"तो बाण कुणी तपासला नव्हता?" शेपटाने विचारलं.

"वहीत तपासलेला होता," मामा म्हणाले. "खूण माझ्या जिवलग मित्राने केली होती. घाईत होता बिचारा. अजून येतो भेटायला. चहा घेतो, तासभर गप्पा मारतो. पण माझ्या हाताकडे बघत नाही. मी त्याला कधी एका शब्दाने बोललो नाही, तरी बघत नाही."

भिंगरीने मान खाली घातली. टेबलावरच्या हाताकडे तिच्यानेही बघवेना.

"बाईंना फोन करा ना!" मोजपट्टी म्हणाली.

"केला. पंच असताना त्या फोन बंद ठेवतात. निरोप ठेवलाय, पण ऐकतील कधी कोण जाणे. साहेबांना सांगून बघितलं, ते तुम्ही ऐकलंतच."

"मग आपणच काहीतरी करू!" मोजपट्टीने डायरी उघडली. "उद्या पाहुण्यांसमोर मी माईकवर जाहीर करते, पहिला कार्यक्रम बाणांच्या तपासणीचा! पाहुण्यांसमोर काका नाही कसं म्हणतील? कापूस फिरवायचा, तो अडकला की झालं! सगळ्यांना दिसेल!"

"वा!" कुरकुऱ्या म्हणाला. त्याने कशाला तरी वा म्हणण्याची ही शिबिरातली पहिलीच वेळ.

कापसानेच काम झालं, तर बुधवारचं कुणाला सांगायची वेळच येणार नाही, असा एक चोरटा विचार भिंगरीच्या मनात आला. आणि तो आला म्हणून तिची तिलाच आणखी लाज वाटली.

संध्याकाळी घरी आई कपाटातून कापसाची गुंडाळी काढत म्हणाली, "एवढा कापूस? कुणाला मलमपट्टी करायचीय?"

"ताई तपासनीस आहे ना!" जेवता जेवता शेपूट म्हणाला. "आई, उद्या सगळ्यांत लहान म्हणून पहिला बाण मी सोडणार. आणि ते सगळे बाण ताईने तपासलेत!"

"शहाणी गं माझी बाय," आई म्हणाली. भिंगरीने हातातला घास ताटात परत ठेवला.

हात धुताना तिने भावाला गाठलं. "उद्या तू नको ना सोडूस बाण. पोट दुखतंय म्हणून सांग."

"का?" शेपटाचा चेहरा उतरला. "माझा नेम चांगला नाही?"

"तसं नाही रे. बाण कदाचित..."

"तू बघितलेस ना? मग मला कशाची भीती!" आणि तो उड्या मारत निघूनही गेला. भिंगरी कितीतरी वेळ नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी मैदानावर खुर्च्या मांडलेल्या, रंगीत झेंडे लावलेले, आणि बहात्तरच्या बहात्तर खाचा भरलेली मांडणी मधोमध आणून ठेवलेली. पहिल्या रांगेत अग्निशमन दलाचे प्रमुख, भरघोस मिश्यांचे. दुसऱ्या रांगेत भिंगरीची आई. साडेआठ झाले होते. भांडारमामा फाटकापाशी उभे राहून बसची वाट बघत होते.

चालेलकाकांनी माईक हातात घेण्याआधीच मोजपट्टीने तो पळवला. "पहिला कार्यक्रम! बाणांची तपासणी!"

काकांच्या भुवया वर गेल्या. पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तसे तेही हसून म्हणाले, "हो, हो! चालेल, चालेल!"

कुरकुऱ्याने पिवळ्या पट्टीचा तेवीस नंबर उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. मोजपट्टीने कापसाचा बोळा टोकापासून शेवटापर्यंत फिरवला.

कापूस लोण्यावरून सुरी जावी तसा सरकत गेला. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच! एकतीस घेतला, चाळीस घेतला. कुठेच अडकेना! चीर होती पट्टीच्या खाली, आणि पट्टी होती गुळगुळीत. एवढी साधी गोष्ट चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"थांबा, वाकवून बघू!" मोजपट्टी घाबऱ्याघुबऱ्या म्हणाली.

"पुरे, पुरे! वेळ होतोय!" काकांनी माईक परत घेतला. "बघितलंत ना मंडळी? कापूससुद्धा अडकत नाही! आणि ही आमची वही. बहात्तर बाण, बहात्तर बरोबरच्या खुणा! आमच्या तपासनिसाने एकेक बाण हातात घेऊन तपासलाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने मागे वळून शेजारणीला काहीतरी सांगितलं, बहुधा 'ती माझीच मुलगी' असं.

"आणि आता पहिला बाण, आपल्या सर्वांत छोट्या धनुर्धराचा!"

शेपूट ताठ मानेने रेषेवर गेला. मांडणीतून त्याने बाण घेतला, पिवळ्या पट्टीचा. मोजपट्टीचा हात तोंडावर गेला. शेपटाने बाण दोरीवर चढवला, धनुष्य उचललं, आणि बाण सोडायच्या आधी एकदा ताईकडे बघून हसला.

फुर्र! फुर्र! फुर्र!

शेपटाचं धनुष्य जागच्या जागी खाली आलं. टाळ्या थांबल्या. सगळं मैदान शिट्टीच्या दिशेने बघू लागलं, आणि तिथे भिंगरी उभी होती.

"काय झालं गं?" काका दबक्या आवाजात करवादले. "पाहुणे बसलेत!"

"त्या खुणा खोट्या आहेत," भिंगरी म्हणाली.

"काय?"

ती काकांच्या जवळ गेली, म्हणजे माईकच्याही जवळ. "बुधवारच्या खुणा खोट्या आहेत. मी एकही बाण हातात घेतला नव्हता. मला पन्नास मीटरवर खेळायला जायचं होतं, म्हणून मी न बघता बहात्तर खुणा केल्या. पिंपातल्या अकरा फुटक्या बाणांवरसुद्धा केल्या. त्यामुळे काकांनी ते मांडणीत परत लावले. पट्टीखाली चिरा आहेत. आणि काल मी माझ्या मित्रांशीसुद्धा खोटं बोलले."

भिंगरीला आईकडे बघायचं नव्हतं, तरी तिची नजर गेलीच. आईच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलंही नव्हतं, आणि ते बघणं सगळ्यांत वाईट होतं.

"अगं, घाबरलीय ती!" काकांनी घाम पुसला. "मंडळी, चालेल, चाले..."

"नाही चालणार!"

फाटकातून खांद्यावरची पिशवी न उतरवताच बाई तरातरा येत होत्या, आणि त्यांच्या मागे भांडारमामा. मामांचा निरोप बाईंनी पहाटे ऐकला होता आणि नऊची बस सोडून आधीची धरली होती. बाईंनी हातमोजे चढवले, शेपटाच्या धनुष्यावरचा बाण काढून घेतला आणि त्याची पिवळी पट्टी सोलली. मग चेहऱ्यापासून लांब धरून जरासा वाकवला.

कर्रर्र! दांडी उभी उकलली आणि काळी कुसळं उन्हात चमकली. बाण तेवीस नंबरचाच होता.

पुढच्या रांगेत कुणीतरी "बाप रे!" म्हणालं. शेपूट एकदा बाणाकडे आणि एकदा आपल्या डाव्या पंजाकडे बघत राहिला.

"मला वाटलं," चालेलकाका पुटपुटले, "वहीत बरोबर आहे म्हटल्यावर..."

"मी कालच सांगत होतो, साहेब," भांडारमामा म्हणाले.

मिश्यांवाले प्रमुख उठले. "आमच्याकडे 'मला वाटलं' म्हणणाऱ्याला शिडीवर पाय ठेवू देत नाहीत, साहेब. मामा तुम्हाला सांगत होते म्हणे."

काकांची मान खाली गेली. माईक त्यांनी बाईंच्या हातात दिला आणि खिशातून मांडणीची किल्ली काढून मामांच्या हातात. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी 'चालेल' म्हटलं नाही.

बाई भिंगरीपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नुसता हात पुढे केला. भिंगरीने गळ्यातली शिट्टी काढून त्या हातावर ठेवली.

"शिट्टी वेळेवर वाजवलीस," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर खरं बोललीस. त्याबद्दल शाबास. पण ही आता माझ्याकडे राहील."

"हो बाई. मी बुधवारचं पान खोडते."

"खोडायचं नाही! शेजारी खरं लिहायचं. प्रत्येक बाणापुढे. मग सगळे बाण तपासायचे, सगळ्यांसमोर. पाहुण्यांना थांबता येईल ना?"

"थांबतो की!" प्रमुख म्हणाले. "आम्ही पाण्याचे पाईप रोज तपासतो, बाण कसे तपासतात ते तर बघू!"

भिंगरीने टेबलाशी बसून बहात्तर वेळा 'तपासला नाही' असं लिहिलं. चाळीस सेकंदांत झालेलं काम निस्तरायला अर्धा तास लागला. मग ती बाण घेऊन बसली. डोळा, कान, कापूस. मोजपट्टी न बोलता शेजारी येऊन बसली आणि पट्ट्या सोलू लागली. कुरकुऱ्याने कापसाचे बोळे करून दिले.

"माझ्याशी बोलणार नाहीस?" भिंगरीने मोजपट्टीला विचारलं.

"बोलेन. उद्यापासून," मोजपट्टी म्हणाली. "आज रागावलेय मी."

अकरा तर फुटके निघालेच, पण आणखी तीन निघाले, ज्यांच्यावर पट्टी नव्हती आणि ज्यांचा कुणाला संशयही आला नव्हता. बुधवारी नीट बघितलं असतं, तर ते बुधवारीच सापडले असते. बाईंनी चौदाही बाण पकडीत धरून करवतीने दोन-दोन तुकडे केले आणि लाल पिंपात टाकले. मांडणीत चौदा खाचा रिकाम्या राहिल्या. प्रमुखांनी त्या खाचांसमोर उभं राहूनच भाषण केलं.

"या चार मुलांमुळे आज एका मुलाचा हात वाचला," ते म्हणाले. "अशी भोकं असलेली मांडणी मला भरलेल्या मांडणीपेक्षा जास्त आवडली. शाबास, पोरांनो!"

सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. कुरकुऱ्याने तर वाकून अभिवादनही केलं. भिंगरी मात्र बुटांच्या नाड्यांकडे बघत उभी राहिली. मग भांडारमामा जवळ आले आणि त्यांनी डावा हात, तोच, तिच्या खांद्यावर ठेवला. तिने वळून त्या हाताकडे बघितलं, नीट बघितलं, ठिपक्यांसकट.

पहिला बाण अजून सुटायचाच होता. शेपूट रेषेवर उभा होता. शिट्टी वाजल्यापासून तो ताईशी चकार शब्द बोलला नव्हता. भिंगरीने मांडणीतून सात नंबरचा बाण काढला. तो तिने दोनदा तपासला होता. तिने तो भावापुढे धरला.

"हा चांगला आहे. मी बघितलाय," ती म्हणाली.

शेपटाने बाण घेतला, पण दोरीवर चढवला नाही. त्याने आधी तो डोळ्यांजवळ नेऊन फिरवून फिरवून बघितला. मग हात लांब करून वाकवला आणि कान दिला. मग पुन्हा हात पुढे केला.

"कापूस," तो म्हणाला.

भिंगरीचा चेहरा कानशिलांपर्यंत तापला. कालपर्यंत हाच पोरगा तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकत होता. तिने खिशातून बोळा काढून त्याला दिला आणि तो संपूर्ण दांडीवरून फिरवून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"पास," शेपूट शेवटी म्हणाला. बाण दोरीवर चढवता चढवता त्याने तिरक्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "तू मागे हो ताई, रेषेच्या आत आलीयेस."

भिंगरी दोन पावलं मागे सरकली. सुंऽऽ. ठप्प!